सांडलेल्या रसाचा हिशेब

रिपोर्टवर छापलं होतं : वय ० वर्षे, सीरम अमायलेज ६, आणि सहाच्या पुढे ठळक अक्षरांत ‘कमी’. रिपोर्ट आमच्याच लॅबचा होता. सदाशिव पेठेत एक जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत, लिफ्ट नसलेल्या जिन्याच्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर ही लॅब मी तीसेक वर्षं चालवतो आहे. बाळ अकरा दिवसांचं. उलट्या होतात म्हणून कुणीतरी तपासण्यांची लांबलचक यादी लिहून दिली होती, तिच्यात अमायलेजही होतं. संध्याकाळी बाळाचा बाप जिना चढून आला आणि त्याच्यामागून, दर सहा पायऱ्यांना थांबत, त्याची आई. धाप टाकतच आजींनी विचारलं, “डॉक्टर, याच्या पोटात पचवायचं द्रव्यच नाही म्हणे. मग दूध कसं पचायचं? उद्या बारसं आहे. करायचं का पुढं ढकलायचं?”

बारसं करायचंच होतं. बाळ ठणठणीत होतं. घाईघाईनं पिऊन दूध ओकत होतं, एवढंच. चूक माझ्या मशीनची होती, म्हणजे माझीच. मशीनमध्ये मोठ्या माणसांची कक्षा भरलेली होती आणि वयाच्या रकान्यात वर्षांशिवाय काही मावत नव्हतं. टोरांटोच्या सिककिड्स रुग्णालयाच्या ‘कॅलिपर’ प्रकल्पात निरोगी मुलांच्या रक्ताच्या वयवार कक्षा काढल्या गेल्या आहेत. त्यांच्या तक्त्यात पहिल्या दोन आठवड्यांच्या बाळाचं अमायलेज लिटरला ३ ते १० युनिट असतं. तीन महिन्यांचं होईपर्यंत ते फार तर २२ पर्यंत जातं. २५ ते १०१ ही ओळखीची कक्षा लागू होते ती वर्ष पुरं झाल्यावर. म्हणजे अकरा दिवसांच्या बाळाचा सहा हा आकडा कमी नव्हता, अगदी बेताचा होता. ‘कमी’वर मी पेनानं काट मारली, बाजूला सही केली आणि पेढे घेऊन या म्हणून सांगितलं. आजींचा चेहरा सैल झाला, पण माझी झोप त्या रात्री उडाली. असे किती रिपोर्ट मी आजवर सही करून खाली पाठवले असतील?

नवजात बाळाच्या रक्तातल्या पाचक विकरांवर मराठीत एक छोटं पुस्तक होतंय, प्रस्तावना तुम्ही लिहा, असं या पुस्तकाच्या दोघी लेखिकांनी सांगितलं तेव्हा मला आधी तो सहा आठवला. एक लेखिका बालरोगतज्ज्ञ, दुसरी जैवरसायनशास्त्र शिकवणारी. दोघींनी कधीकाळी माझ्या लॅबमध्ये पिपेट धरायला सुरुवात केली, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. शिवाय विषय वाटतो तितका आडबाजूचा नाही. जन्मलेल्या बाळाच्या टाचेतून रक्ताचे चार थेंब कागदावर घेण्याची पद्धत आता आपल्याकडच्या खासगी प्रसूतिगृहांत चांगलीच रुळली आहे. त्या कागदावरून जे आकडे येतात, त्यांत एक आकडा पाचक विकराचा असतो आणि तो आला की घरात अंधार पसरतो, कारण तो काय सांगतो हे कुणी नीट सांगितलेलं नसतं.

आधी शब्दाचं बघू. ‘विकर’ हा शब्द पाठ्यपुस्तकातला. दहावीच्या परीक्षेपुरता तो सगळ्यांना येतो आणि नंतर त्याच्या जागी ‘एन्झाईम’ येतं. लेखिकांनी पुस्तकभर ‘विकर’ ठेवला आहे, ते मला आवडलं. मात्र दवाखान्यात आईबापांना समजवताना बरेच डॉक्टर ‘विरजणासारखं असतं हो’ म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. चमचाभर विरजणानं पातेलंभर दूध बदलतं, इथवर साम्य. पण विरजणात जिवंत जंतू असतात, ते वाढतात. विकर जिवंत नसतो. तो एक प्रथिनाचा रेणू आहे, एकच काम पुन्हा पुन्हा करणारा आणि स्वतः न संपणारा. अमायलेज पिष्ट तोडतं, लायपेज स्निग्ध पदार्थ तोडतं, ट्रिप्सिन प्रथिनं तोडतं. तिन्ही तयार होतात स्वादुपिंडात, जठराच्या मागे आडव्या पडलेल्या एका मऊ ग्रंथीत.

या ग्रंथीचे व्यवहार दोन. इन्सुलिनसारखी संप्रेरकं ती थेट रक्तात सोडते. त्यांची जागा रक्तातच आहे. पाचकरस मात्र नळीवाटे लहान आतड्यात जायचा असतो. त्याचं रक्तात काही काम नाही. रक्तात जो सापडतो तो सांडलेला.

या प्रस्तावनेत मला सांगायचं आहे ते इथेच आहे, म्हणून जरा थांबतो. पूर्वी आमच्या वाड्यात सकाळी दूधवाला किटली घेऊन वर यायचा. जिन्यावर दोन-चार थेंब रोजच पडायचे. त्या थेंबांवरून कुणाच्या घरी किती दूध प्यायलं गेलं हे सांगता यायचं नाही. पण एखाद्या दिवशी पायरीपायरीवर ओघळ दिसला, तर किटलीचं काहीतरी बिघडलंय हे कळायचं. आणि जिना अगदी कोरडा असेल तर? एकतर किटली उत्तम आहे, नाहीतर ती रिकामी आहे. रक्तातला विकर मोजणं म्हणजे या ओघळाचा हिशेब. तो पचनशक्तीचा आकडा नव्हे. आजींनी ‘सहा’ वाचून बाळाच्या पोटात पचवायचं द्रव्य नाही असं समजणं आणि एखाद्या बापानं ट्रिप्सिनचं पूर्वरूप वाढलेलं बघून ‘म्हणजे याला चांगलं पचतंय ना?’ असं विचारणं, दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. दुसरा प्रश्न मी स्वतः ऐकला आहे.

ट्रिप्सिन प्रथिनं कापतं, आणि स्वादुपिंड स्वतःही प्रथिनांचंच बनलेलं. मग ते स्वतःला का कापत नाही? कारण स्वादुपिंडात बनतो तो ट्रिप्सिनोजेन. पातं मिटून ठेवलेली विळी जशी. मिटलेली विळी हाताळली तरी बोट कापत नाही. ती आतड्यात पोचली की तिथला एंटेरोकायनेज नावाचा दुसरा विकर तिचं पातं उघडतो आणि मग भाजी चिरायला सुरुवात होते. रक्तात सांडतात त्या मिटलेल्या विळ्या. त्यांनी किती चिरलं हे बघून त्या मोजता येत नाहीत, कारण त्या काहीच चिरत नाहीत. म्हणून त्या ओळखाव्या लागतात आकारावरून, प्रतिपिंडांच्या मदतीनं. या मोजणीला ‘इम्युनोरिॲक्टिव्ह ट्रिप्सिनोजेन’ म्हणतात, लॅबच्या बोलीत आयआरटी.

आयआरटीची गोष्ट ऑकलंडहून सुरू होते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात शरीरातले स्राव घट्ट, चिकट होतात. स्वादुपिंडाच्या बारीक नळ्या बाळ पोटात असतानाच तुंबायला लागतात. रस आतड्याकडे जाऊ शकत नाही, म्हणून उलटा झिरपून रक्तात येतो. न्यूझीलंडमध्ये क्रॉसली, इलियट आणि स्मिथ यांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की नवजात बाळाच्या टाचेच्या वाळलेल्या रक्तठिपक्यात हा वाढलेला ट्रिप्सिनोजेन सापडतो. कागद त्यांना शोधावा लागला नाही. अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी १९६३ मध्येच फेनिलकीटोन्युरियासाठी गाळणकागदावर रक्ताचा ठिपका घ्यायची युक्ती प्रसिद्ध केली होती. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्सनं १९८१ मध्ये सगळ्या बाळांची आयआरटी तपासायला सुरुवात केली. ब्रिटनभर ही तपासणी २००७ पर्यंत पोचली, अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत २०१० पर्यंत.

तो ठिपका घेणं बघायला सोपं आणि करायला नाजूक. बाळ अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांचं झालं की घ्यायचा. टाच आधी कोमट ओल्या फडक्यात गुंडाळायची, म्हणजे रक्त खाली उतरतं. टोचायचं ते टाचेच्या कडेला, मधोमध कधीच नाही, तिथे हाड जवळ असतं. पहिला थेंब पुसून टाकायचा. दुसरा मोठा होऊ द्यायचा आणि कागदावरच्या वर्तुळाला एकाच बाजूनं, एकदाच टेकवायचा. कागद थेंब पितो आणि डाग मागच्या बाजूला उमटतो, तेव्हा वर्तुळ भरलं म्हणायचं. दोन्ही बाजूंनी थेंब लावलेला, थरावर थर चढवलेला, चोळून पसरवलेला ठिपका वाया गेला समजायचं. मग कार्ड आडवं ठेवून तीन-चार तास सावलीत वाळवायचं. आमच्याकडे एका पावसाळ्यात खिडकीशी ठेवलेली कार्डं दमट राहिली आणि त्यातली बरीच पुन्हा घ्यावी लागली. सात बाळांना दुसऱ्यांदा टोचलं, त्यांच्या आयांनी माझ्याकडे कसं बघितलं ते सांगत नाही. वाळलेल्या ठिपक्यातून यंत्र तीन मिलिमीटरची टिकली कापतं. त्या टिकलीत साधारण तीन मायक्रोलिटर रक्त असतं, आणि बाळाच्या स्वादुपिंडाबद्दल जे कळायचं ते तेवढ्यातून कळतं.

आयआरटी मिलिलिटरला किती नॅनोग्रॅम यात मोजतात. निरोगी बाळाचा आकडा बहुधा वीस-तीसच्या आसपास. ‘पुन्हा बघा’ ही रेषा बहुतेक प्रयोगशाळा ५० ते ७० च्या दरम्यान आखतात. या रेषेच्या वर गेलेल्या बाळांपैकी बहुसंख्यांना सिस्टिक फायब्रोसिस नसतोच. अपुऱ्या दिवसांचं बाळ, जन्मताना गुदमरलेलं बाळ, मूत्रपिंडाची तक्रार असलेलं बाळ, किंवा आईबापांपैकी एकाकडून सदोष जनुकाची एकच प्रत मिळालेलं, स्वतः निरोगी राहणारं बाळ, या सगळ्यांचा आकडा चढलेला असू शकतो. उलट, ज्या बाळाची पहिली काळी शी आतड्यातच अडकून बसते, म्हणजे ज्याला हा आजार असण्याची दाट शक्यता, त्याचा आयआरटी कधी कधी साधारण निघतो. म्हणून असं बाळ आकड्याची वाट न बघता पुढच्या तपासणीला पाठवायचं.

चढलेला आकडा दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा बघतात. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, याचा इथे मोठा फायदा आहे. बारशानंतरही दोन-अडीच महिने आई आणि बाळ एकाच पत्त्यावर सापडतात. आमच्या लॅबच्या मुलीनं फोन केला की बाळाचा मामा स्कूटरवरून दोघांना घेऊन येतो. निरोगी बाळाचा आकडा तोवर उतरतो. आजारी बाळाचा चढलेला राहतो. पण इथे एक फसगत आहे आणि लेखिकांनी तिसऱ्या प्रकरणात ती फार छान उलगडली आहे. आजारी बाळाचा आकडाही दोन महिन्यांनंतर उतरायला लागतो, कारण तुंबून तुंबून स्वादुपिंडाच्या पेशीच मरत जातात. किटली रिकामी होते आणि जिना कोरडा. तिसऱ्या महिन्यात ‘आता नॉर्मल आलं हो’ म्हणून सुटकेचा श्वास टाकलेलं घर मी पाहिलं आहे. उशिरा केलेल्या आयआरटीवर ‘साधारण’ असा शेरा मारणं मी तेव्हापासून बंद केलं.

‘हा तर गोऱ्यांचा आजार’ असं आमच्या शिक्षकांनी आम्हाला शिकवलं आणि आम्ही तसंच पुढे शिकवलं. भारतातली पहिली नोंद १९६८ ची आहे, म्हणजे आम्ही शिकत होतो तेव्हा ती पुस्तकांत यायला हवी होती. पुढे दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. एस. के. काब्रा आणि डॉ. मधुलिका काब्रा यांनी भारतीय मुलांमधला हा आजार आणि त्यामागची जनुकं वर्षानुवर्षं तपासली. परदेशात स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांवरून बांधलेले अंदाज ब्रिटनमध्ये दहा-बारा हजारांत एक आणि अमेरिकेत चाळीस हजारांत एक असे आहेत. या दोन आकड्यांतलं अंतरच सांगतं की ठामपणे बोलायची वेळ अजून आलेली नाही. आपल्याकडे मात्र ही मुलं अशक्तपणा, सततचा खोकला, क्षय, जुलाब अशा नावांखाली हरवत आली, एवढं मी लॅबच्या खिडकीतून पाहिलं आहे.

आजार ज्या जनुकातल्या दोषामुळे होतो ते सातव्या गुणसूत्रावरचं सीएफटीआर जनुक १९८९ मध्ये सापडलं. लॅप-ची त्सुई, जॅक रिऑर्डन आणि फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांचं ते काम. युरोपीय रुग्णांत या जनुकातला एकच दोष, एफ५०८डेल, बहुसंख्यांकडे सापडतो. भारतीय मुलांत त्याचा वाटा बराच कमी, बाकी दोष विखुरलेले, काही आपल्याकडचेच. याचा फटका बसतो तो परदेशी गेलेल्या आपल्या माणसांना. सदाशिव पेठेतली निम्मी आज्या-आजोबा मंडळी बाळंतपण करायला न्यू जर्सी नाहीतर कॅलिफोर्नियाला जाऊन आलेली आहेत. तिथे जन्मलेल्या प्रत्येक बाळाची आयआरटी होते, आणि ती चढली तर पुष्कळ ठिकाणी ठरावीक जनुकदोषांची यादी तपासली जाते. यादी युरोपीय रुग्णांवरून बनलेली असेल तर आपल्या बाळाचा दोष तिच्यात नसू शकतो. एका आजोबांनी रात्री साडेअकराला मला व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवला : जनुकदोष आढळला नाही. “म्हणजे सुटलो ना?” मी विचारलं, “घामाची तपासणी झाली का?” ती झालेली नव्हती. पुढच्या आठवड्यात झाली, साधारण आली, आजोबा दोनदा पाया पडायला निघाले. पण प्रश्न तोच होता : घामाची तपासणी झाली का?

कारण सिस्टिक फायब्रोसिसचा निर्णय रक्तावर होत नाही, घामावर होतो. या मुलांच्या घामात मीठ जास्त असतं. न्यूयॉर्कच्या डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये या आजाराचं स्वादुपिंडातलं रूप वर्णन केलं, आणि त्याच रुग्णालयातल्या पॉल दि सांत’अग्नेसे यांच्या लक्षात १९४८ च्या उन्हाळ्याच्या लाटेत आलं की उष्माघातानं कोसळून दाखल होणाऱ्या मुलांत हीच मुलं वारंवार दिसतात. त्यातून खारट घामाचा शोध लागला. गिब्सन आणि कुक यांनी १९५९ मध्ये घाम सुरक्षितपणे गोळा करायची रीत बसवली : बाळाच्या हातावर पायलोकार्पिन लावून हलका विद्युतप्रवाह द्यायचा आणि अर्धा तास घाम टिपून घ्यायचा. क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा वर असेल तर आजार, ३० च्या खाली असेल तर बहुधा नाही, मधलं असेल तर पुढे तपास. एम्सच्या काब्रांच्या गटानं २००२ मध्ये हीच तपासणी इथल्याच स्वस्त साधनांनी करायची पद्धत प्रसिद्ध केली. आपल्या हवेत हे फार महत्त्वाचं आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात अशा तान्ह्या बाळाच्या घामावाटे मीठ वाहून जातं, पोटॅशियम घसरतं, रक्त अल्कधर्मी होतं, बाळ म्लान होतं आणि घरच्यांना वाटतं, ऊन लागलं. बाळाचा मुका घेताना ‘किती खारट लागतंय गं’ असं म्हणणारी आजी खरं तर तपासणीच करत असते. फक्त ती कुणी नोंदवून घेत नाही.

उपचाराच्या प्रकरणात एक परिच्छेद असा आहे की तो वाचून मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं. स्वादुपिंडाचे विकर बाहेरून द्यावे लागतात तेव्हा कॅप्सूल मिळते, आणि तिच्यातले विकर डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेले असतात. दुसरा चांगला पर्याय नाही. माझ्या गल्लीत कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद असलेली घरं आहेत. अशा एका घरात मी हे सांगितलं तेव्हा खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बाळाची पणजी, नव्वदीच्या बाई, म्हणाल्या, “औषधाला विटाळ नसतो. किती वाजता द्यायचं ते लिहून द्या.” कॅप्सूल उघडून आतले बारीक दाणे बाळाला मऊ, आंबटसर फळाच्या गरात द्यायचे, कुटायचे नाहीत, ही सूचना त्यांनीच स्वयंपाकघराच्या दारावर मोठ्या अक्षरांत चिकटवली होती. दूध पिण्याआधी, दर वेळी.

मग सगळ्याच बाळांची ही तपासणी करावी का? लेखिकांचं उत्तर हो आहे. माझं अर्धं हो. गोव्यात सरकारनं २००८ मध्ये नवजात बाळांच्या तपासणीचा कार्यक्रम सुरू केला. देशात असं करणाऱ्या पहिल्या राज्यांत गोव्याचं नाव आहे. केंद्राचा ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरला सुरू झाला, पण त्याच्या सुरुवातीच्या तीस आजारांच्या यादीत सिस्टिक फायब्रोसिस नव्हता. मुंबईत डॉ. मीना देसाई यांनी १९८०च्या दशकातच नवजात बाळांचं थायरॉइड तपासायला घेतलं होतं. ते काम आधी घरोघर पोचलं पाहिजे असं मला वाटतं, कारण जन्मजात थायरॉइडची कमतरता हा वारंवार आढळणारा आजार आहे आणि त्याचा उपचार एक स्वस्त गोळी. आयआरटी करा, जरूर करा, पण जिथून घामाची तपासणी चार तासांच्या वाटेवर आहे तिथे. पुढचा रस्ता नसताना आकडा हातात देणं म्हणजे आईच्या पदरात निखारा बांधून पाठवणं. या मुद्द्यावर आम्हा तिघांत बरीच खडाजंगी झाली आणि ती मिटलेली नाही.

पुण्याला नवजात बाळाच्या रक्ताकडे बारकाईनं बघायची सवय आहे, हे वाचकांनी विसरू नये. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण अंगानं बारीक दिसणाऱ्या आपल्या बाळांत चरबी तुलनेनं राखलेली निघाली, आणि पुण्यातल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनही वजनाच्या मानानं चढं आढळलं. तेच स्वादुपिंड, त्याचा दुसरा व्यवहार. त्या कामानं मधुमेहाकडे बघायची जगाची नजर बदलली. पाचकरसाच्या बाजूनं तेवढं सखोल काम आपल्याकडे व्हायचं आहे. विशेषतः आपल्या कमी वजनाच्या बाळांच्या आयआरटीच्या आणि अमायलेजच्या कक्षा आपल्या आपणच काढायला हव्यात, टोरांटोच्या उसन्या घेऊन किती दिवस चालवायचं?

आता पुन्हा त्या सहाकडे. नवजात बाळाच्या रक्तात अमायलेज इतकं कमी का? कारण स्वादुपिंडानं ते बनवायला अजून घेतलेलंच नसतं. रक्तात जे थोडं सापडतं ते बहुतेक लाळेचं. स्वादुपिंडाचं अमायलेज पहिले काही महिने जवळजवळ नसतंच, आणि नंतर वर्ष-दोन वर्षांत हळूहळू भरत जातं. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज मात्र पुऱ्या दिवसांच्या बाळात तयार असतं, प्रथिनं तोडायची सोयही असते. म्हणजे बाळाचं आतडं दुधासाठी सज्ज आहे, पिष्टासाठी नाही. आईच्या दुधातूनही विकर येतात : अमायलेज येतं, आणि पित्तक्षारांनी जागा होणारा एक लायपेजही. दूधपेढीत दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात तेव्हा हा लायपेज मरतो. भारतातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. अपुऱ्या दिवसांच्या किती बाळांना तिनं जगवलं! तरी आईचं ताजं दूध मिळत असेल तर ते आधी, हे त्याही सांगत.

म्हणून तिसऱ्या महिन्यात ‘बाळाचं पोट भरत नाही’ म्हणून पेज सुरू करणाऱ्या आज्यांशी माझं जमत नाही. सहाव्या महिन्यात उष्टावण, मामाच्या मांडीवर, चांदीच्या वाटीत खीर, हा आपला रिवाज विकरांच्या वेळापत्रकाशी बराच जुळतो. तो कुणी विकर मोजून घातला नव्हता हे उघड आहे, त्यामुळे ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ या सुरात मी जाणार नाही. तेच पूर्वज जन्मल्या जन्मल्या मधाचं बोटही चाटवत, आणि मधातले जंतू तान्ह्या बाळाला घातक ठरू शकतात. बाळगुटीच्या सहाणेवर वेखंडाचे किती वळसे, हळकुंडाचे किती, मुरडशेंगेचे किती यावर दोन विहिणींनी माझ्या लॅबमध्ये घातलेला वाद मी ऐकलाय. दोघींचं एका गोष्टीवर एकमत होतं, डॉक्टरांना यातलं काही कळत नाही.

पण नाचणीच्या सत्त्वाबाबत मी आज्यांच्या बाजूनं आहे. एन्झाईम या वस्तूचा पहिला शोध १८३३ मध्ये पायेन आणि पेर्सो या दोन फ्रेंच माणसांना लागला तो मोड आलेल्या बार्लीत. तो विकर अमायलेजच. धान्याला मोड येतात तेव्हा दाणा स्वतःचं पिष्ट तोडायला स्वतःचं अमायलेज बनवतो. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेत मल्लेशी आणि देशिकाचार यांनी, बडोद्याला तारा गोपालदास यांनी याच तत्त्वावर बाळांच्या आहाराचं काम केलं. घरी करून बघा. नाचणीची घट्ट लापशी शिजवा, इतकी की चमचा उभा राहील. हाताला सोसवेल त्याहून जरा जास्त गरम असताना तिच्यात चमचाभर मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठ घाला आणि ढवळत राहा. पाच-सात मिनिटांत चमचा कलंडतो, लापशी धारेनं पडायला लागते. पाणी न वाढवता पातळ झाली, म्हणजे बाळाच्या एका वाटीत पोषण जास्त मावलं. मग उकळी आणून निववून भरवा. बाळाला जे अमायलेज अजून नाही ते नाचणीनं दिलं. अट एकच : मोड आलेले दाणे सावलीत वाळवायचे, खमंग भाजायचे नाहीत. खमंग भाजलं की वास सुरेख येतो आणि विकर मरतो. आमच्या शेजारच्या काकू हे ऐकून म्हणाल्या, “मग चव काय राहिली?” त्यांनी थोडं भाजलेलं आणि थोडं न भाजलेलं मिसळायला सुरुवात केली.

पुस्तकातली भाषा काही ठिकाणी जड आहे, दुसऱ्या प्रकरणातले तक्ते आईबापांनी सरळ ओलांडून पुढे जावं. ते डॉक्टरांसाठी आणि माझ्यासारख्या लॅबवाल्यांसाठी आहेत, आणि त्यांच्या फार उपयोगाचे आहेत. पाचवं प्रकरण, कार्ड कसं घ्यावं याचं, चित्रांसह छापलं आहे. ते प्रसूतिगृहातल्या सिस्टरांच्या टेबलावर असायला हवं.

त्या अकरा दिवसांच्या बाळाच्या घरचे बारशानंतर पेढे घेऊन आले. आता तो मुलगा इंजिनीअरिंगला आहे. जिन्यात भेटला की मी त्याच्या रिपोर्टवरची ‘० वर्षे’ आठवतो. मशीन दोनदा बदललं, नव्या मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवसांचा रकाना आहे, पण काउंटरवरची मुलगी घाईत तो रिकामा सोडते. म्हणून लहान बाळांच्या फॉर्मवर मी वरच्या कोपऱ्यात दोन ओळी छापून घेतल्या : जन्मतारीख, जन्मवेळ. त्या भरल्याशिवाय नमुना आत घ्यायचा नाही, असं सांगून ठेवलंय. तरी एखादा येतोच. मग मी चष्मा लावून फोन फिरवतो, आईला विचारतो आणि पेनानं लिहितो : तिसरा दिवस, पहाटे ४.२०.

सदाशिव पेठ, पुणे ३०